जॅगर्सची नजर आणि ड्रमलची सभ्यता

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात त्याच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील बेंटली ड्रमल हे पात्र बहुतेक वाचकांच्या लेखी दुय्यम आहे. श्रीमंत घराण्यातला, सरदारकीच्या वारसाहक्कात क्रमाने दुसरा असलेला हा तरुण मठ्ठ, घुमा आणि क्रूर आहे. ज्यूलियन मॉयनाहन याने १९६० साली लिहिलेल्या निबंधात ऑर्लिक आणि ड्रमल यांच्याकडे नायक पिपच्या दडपलेल्या हिंसक इच्छांचे वाहक म्हणून पाहिले, आणि या पात्राला महत्त्व आले. परंतु या वाचनात ड्रमलचा अर्थ पिपच्या अंतर्मनात शोधला जातो. लंडनमधील निष्णात फौजदारी वकील जॅगर्स याला या तरुणाविषयी एवढे आकर्षण का वाटावे, हा प्रश्न त्यामुळे बाजूला राहतो.

जॅगर्स आपल्या घरी पिप आणि त्याच्या मित्रांना जेवावयास बोलावतो. पाहताक्षणीच त्याचे लक्ष ड्रमलवर खिळते. तो त्याला ‘कोळी’ असे नाव देतो, जवळ बसवून घेतो, बोलता करतो. ड्रमल आपल्या दंडाच्या ताकदीची बढाई मारू लागताच जॅगर्स जेवणाचे टेबल आवरणाऱ्या मॉली या गृहव्यवस्थापिकेचा हात पकडतो आणि तिची मनगटे पाहुण्यांसमोर धरतो. मॉलीवर पूर्वी एका स्त्रीच्या खुनाचा खटला झाला होता आणि जॅगर्सने तिला निर्दोष सोडवले होते. एकाच टेबलापाशी बळाचे दोन नमुने त्याच्यासमोर आहेत. एक कायद्याच्या हाती सापडून माणसाळलेला आहे. दुसरा कायद्याच्या हाती कधीच सापडणार नाही. ड्रमल आपल्याला आवडला असे सांगतानाच जॅगर्स पिपला त्याच्यापासून दूर राहण्याचा सल्ला देतो. या आवडीत जिव्हाळा नाही. जाणकाराने दुर्मिळ नमुना पारखावा, तशी ती आहे.

या पारखीमागे एक इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८३६च्या कायद्यापर्यंत गंभीर गुन्ह्यातील आरोपीच्या वकिलाला ज्यूरीसमोर बचावाचे भाषण करण्याची मुभा नव्हती. त्यातही जॅगर्स बॅरिस्टर नव्हे. मॉलीच्या खटल्यात त्याने प्राथमिक चौकशी स्वतः लढवली आणि मुख्य सुनावणीत बॅरिस्टरच्या मागे बसून सूत्रे हलवली, असे त्याचा कारकून वेमिक सांगतो. मॉलीचे हात नाजूक भासावेत असा पोशाख तिला चढवण्यात आला होता. न्यायालयात दिसण्याला किती किंमत असते, हे जॅगर्सइतके कोणाला ठाऊक? याच कादंबरीत कॉम्पेसन आणि मॅग्विच यांच्यावर एकत्र खटला चालतो. सुशिक्षित, नीटनेटक्या कॉम्पेसनला सात वर्षांची शिक्षा होते, तर मॅग्विचला चौदा वर्षांची. सभ्यता ही येथे पुराव्यासारखी वापरली जाते.

मराठीत ‘जंटलमन’साठी ‘सद्गृहस्थ’ हा शब्द रूढ आहे. त्यातील ‘सत्’ हा अंश चांगुलपणाची हमी देतो. इंग्रजी संकल्पनेत मात्र कुळ आणि आचरण हे दोन अर्थ परस्परांशी झगडत राहिले. ड्रमलजवळ पहिला अर्थ आहे, दुसरा नाही. आणि कायद्याला पहिला पुरतो. स्त्रियांवर गंभीर हल्ला करणाऱ्यांना दंडाधिकाऱ्याने सहा महिन्यांपर्यंत कैद द्यावी, अशी तरतूद १८५३ साली झाली. तिचा बडगा प्रत्यक्षात मुख्यतः गरीब पुरुषांवर पडला. १८५७च्या कायद्याने पतीला पत्नीच्या केवळ व्यभिचारावरून घटस्फोट मिळू लागला; पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे दुसरे कारण सिद्ध करावे लागे. कादंबरीतील काळ तर याच्याही आधीचा आहे. म्हणूनच जॅगर्सला ड्रमलमध्ये असा गुन्हा दिसतो, ज्याचा अशील त्याच्या कचेरीची पायरी कधीच चढणार नाही.

ड्रमल एस्टेलाशी विवाह करणार हे कळल्यावर जॅगर्स त्या विवाहाचे भाकीत करतो: असा पुरुष एक तर मारतो, नाही तर लाचार होतो. एस्टेला ही मॉलीची मुलगी. तिला मिस हॅविशॅमच्या हाती सोपवणारा स्वतः जॅगर्सच. तरीही तो तिला सावध करत नाही, तिच्या नावाने मद्याचा प्याला मात्र उचलतो. पुढे ड्रमल तिचा छळ करतो, दोघे विभक्त होतात, आणि घोड्याला क्रूरपणे वागवताना झालेल्या अपघातात तो मरतो. हे सारे कादंबरी काही वाक्यांत उरकते. एस्टेलाच्या यातना तिच्या तोंडून सविस्तर कधीच ऐकू येत नाहीत.

येथे हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीची आठवण अपरिहार्य ठरते. ‘करमणूक’ या १८९० साली सुरू झालेल्या साप्ताहिकातून ती क्रमशः आली. तेथेही प्रतिष्ठित घराच्या आत चाललेले क्रौर्य आहे, शंकरमामंजींसारखा पुरुष आहे. पण तेथे पाहणारा वकील नाही. भोगणारी यमूच आपली कहाणी सांगते. क्रौर्याचे आकर्षण त्यामुळे निर्माणच होत नाही, कारण आकर्षणाला लागणारे सुरक्षित अंतर तिच्यापाशी नाही. जॅगर्सपाशी ते आहे. आपट्यांच्या शीर्षकातील प्रश्न त्याला विचारला, तर उत्तर असे येते की त्याने सारे लक्षात घेतले होते. ज्ञानाला कृतीपासून अलग ठेवण्याची जी शिस्त त्याच्या व्यवसायाने त्याच्या अंगी बाणवली, तिचीच नैतिक किंमत डिकन्स या दुय्यम भासणाऱ्या संबंधातून मोजतो.