लोह : आधी जास्त, मग कमी

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर अंगातले रक्त का कमी होते, असे वर्गात विचारले तर ‘आहारात लोह नाही’ हे उत्तर ठरलेले! मूळ कारण वेगळे आहे. तांबड्या पेशी बनवायला लावणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होते. 1977 मध्ये शिकागोच्या गोल्डवासर यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवले. त्यासाठी मियाके यांनी जपानमध्ये रक्तक्षयाच्या रुग्णांचे सुमारे 2,550 लिटर मूत्र जमवले होते.

तोवर डायलिसिसच्या रुग्णांना वरचेवर रक्त द्यावे लागे. दर बाटलीबरोबर 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात शिरे. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, त्यामुळे ते यकृतात साचे. 1989 मध्ये अमेरिकेत हे संप्रेरक औषध म्हणून मंजूर झाले आणि चित्रच उलटले. नव्या पेशींना लोह पुरेना!

पुढे हेप्सिडिन सापडले. शरीरात दाह असला की ते वाढते आणि लोहाच्या साठ्याला कुलूप लावते. कास्टानेडा यांनी अमेरिकेत मूत्रपिंडे दुबळी झालेल्या वयस्कांना 12 आठवडे वजनांचा व्यायाम दिला. स्नायू सुधारले, दाहही उतरला. पण तेवढ्याने कुलूप उघडते, असे आम्ही म्हणणार नाही.