स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि लेपनिवारणाचा प्रश्न

धातूवर साचलेले लेप काढणे हे वरकरणी निव्वळ कारागिरीचे काम वाटते. परंतु लेप कोणता आणि मूळ वस्तू कोणती, हा निर्णय त्यापूर्वीच करावा लागतो. आणि तो इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होय. न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा १९८४ ते १९८६ या काळातील जीर्णोद्धार या दृष्टीने उद्बोधक आहे.

बार्तोल्दी या फ्रेंच शिल्पकाराच्या या कृतीचे अनावरण १८८६ मध्ये झाले. ठोकून घडविलेल्या तांब्याच्या पत्र्याची जाडी अवघी २.४ मिलिमीटर असून आतील लोखंडी सांगाडा आयफेलच्या योजनेचा. तांब्यावर कालांतराने हिरवी पुटे चढली. १९०६ मध्ये पुतळा आतबाहेर रंगविण्याचा विचार निघताच लोकांनी विरोध केला. हा हिरवा थर तांब्याचे रक्षणच करतो, असा निर्वाळा लष्करी अभियंत्यांनीही दिला. बाह्यांग त्यामुळे बचावले. आतल्या बाजूस मात्र पुढील दशकांत डांबराचे दोन आणि त्यांवर रंगाचे सात थर बसले.

जीर्णोद्धाराच्या वेळी हे थर काढणे प्राप्त झाले. वाळूचा मारा केल्यास मऊ तांबेच झिजले असते. म्हणून उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन फवारण्यात आला. अतिशीतामुळे रंग ठिसूळ होऊन त्याचे पापुद्रे गळून पडले. डांबर मात्र चिकटून राहिले. त्यावर खाण्याच्या सोड्याचा मारा करण्यात आला. सोड्याचे कण तांब्याहून मऊ असल्याने डांबर निघाले आणि पत्र्यास इजा झाली नाही. पुढे ही पद्धत रंग काढण्याच्या उद्योगातही रूढ झाली.

तथापि हे यश निर्भेळ नव्हते. सोड्याचा काही अंश सांध्यांतून बाहेर झिरपला व हिरव्या थरावर त्याचा परिणाम दिसू लागला; तो पाण्याने धुऊन काढावा लागला. तांब्याला निरुपद्रवी ठरलेले द्रव्य तांब्याच्या पुटांना निरुपद्रवी नव्हते.

एकाच पत्र्याच्या एका बाजूचा थर त्याज्य आणि दुसऱ्या बाजूचा रक्षणीय ठरला. दोन्ही थर मागाहूनच आलेले; म्हणजे केवळ उत्तरकालीनत्व ही त्याज्यतेची कसोटी नव्हे. डांबर व रंग वरून लादलेले होते, हिरवा थर मात्र तांब्यातूनच उपजला होता. पोथीतील प्रक्षेप वगळणाऱ्या पाठसंशोधकासही हा भेद ध्यानी घ्यावा लागतो.