मुंबईच्या प्लेगचे सूत्र आणि 85 वर्षांनंतरची फेरतपासणी

17 डिसेंबर 1905 चा रविवार ते 21 जुलै 1906 चा शनिवार, म्हणजे बरोबर 31 आठवडे. एडिंबरोच्या विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी 1927 साली रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये जो निबंध छापला, त्यातल्या आलेखाचा हा काळ. आलेखातले ठिपके मुंबई बेटावर त्या त्या आठवड्यात प्लेगने दगावलेल्या माणसांचे, आणि त्यांच्यामधून जाणारी रेषा गणिताची. कोविडच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून गाजलेल्या ‘एसआयआर’ (निरोगी, बाधित, साथीतून बाहेर पडलेले) मॉडेलचे मूळ याच निबंधात आहे. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ, 1924 मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती.

रेषेचे सूत्र त्यांनी स्पष्ट छापले आहे. आठवड्याच्या क्रमांकाला 0.2 ने गुणायचे, त्यातून 3.4 वजा करायचे, येईल त्या संख्येच्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग करून त्याला 890 ने गुणायचे. क्रमांक 17 घेतला की वजाबाकी शून्य होते आणि उत्तर येते 890. हा साथीचा माथा, एप्रिलच्या मध्यावरचा. 10 घ्या किंवा 24, उत्तर एकच, सुमारे 192. संपूर्ण रेषेखालची बेरीज सुमारे 8,900 मृत्यू. सायंटिफिक कॅल्क्युलेटर हाताशी असेल तर भुसावळच्या कॉलेजातला विद्यार्थीही हे आज बसल्या बैठकीला पडताळून पाहील.

सूत्राशेजारी लेखकांनी गृहीतकेही मांडली आहेत. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब. सगळ्या उंदरांना लागण होण्याची शक्यता सारखी. संसर्गाचा, बरे होण्याचा आणि मृत्यूचा वेग साथभर कायम. पिसवा इतक्या, की उंदरापासून उंदराला थेट लागण होते असेच धरावे. यांतले एकही काटेकोर खरे नाही, म्हणून सूत्रातून स्थिरांकांच्या किमती काढू नयेत, असेही त्यांनीच बजावले आहे. आलेख पुढे पुस्तकापुस्तकांतून छापला गेला. ही सूचना बहुधा मागेच राहिली.

निबंधात दोन गोष्टी मात्र नाहीत. साप्ताहिक मृत्यूंचा तक्ता नाही; आलेखावर मोजपट्टी लावून आकडे काढावेत तर प्रत्येकाच्या हाती थोडे वेगळे येतात. आणि स्थिरांकही सुटे दिलेले नाहीत. सूत्रातून हाती लागतात तीन संख्या, तर मॉडेलमधल्या अज्ञात राशी चार: संसर्गाचा वेग, साथीतून बाहेर पडण्याचा वेग, सुरुवातीचे निरोगी आणि सुरुवातीचे बाधित. चौथा धागा बाहेरूनच आणावा लागतो.

तो लोकसंख्येतून आणावा, तर शहराचा आकडाच स्थिर नव्हता. प्लेगच्या ऐन हंगामात झालेल्या 1901 च्या जनगणनेत मुंबईत 7,76,006 माणसे मोजली गेली. 1906 च्या खास मोजणीत 9,77,822. प्लेग आला की लोक शहर सोडत. मॉडेलमधल्या बेटावरून कोणी बाहेर जात नाही. खऱ्या बेटावरून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे निघत होती, आणि भुसावळला तिच्या नागपूर व जबलपूरकडच्या वाटा फुटत होत्या.

2012 मध्ये फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी ‘जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल बायॉलॉजी’त या आलेखाची फेरतपासणी केली. निबंधात नसलेली सामग्री त्यांना त्या काळच्या अहवालांत मिळाली. प्लेगच्या संशोधनासाठी 1905 मध्ये नेमलेल्या मंडळाचे मुंबईतले काम ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये तपशीलवार छापले गेले होते. स्थिरांक साथभर कायम धरले तर त्यांच्या किमती अवास्तव येतात, हे बाकाएर यांनी दाखवले. शिवाय 1897 पासून निदान 1911 पर्यंत प्लेग मुंबईत दरवर्षी ठरावीक हंगामात येत होता. लागण होऊ शकेल अशी माणसे कमी पडली म्हणून 1906 ची साथ ओसरली, हे स्पष्टीकरण त्यामुळे टिकत नाही. साथ ऋतूच्या तालावर चढली आणि उतरली. रेषा ठिपक्यांमधून गेली एवढ्यावरून तिच्यामागचे कारण सिद्ध होत नाही.

अशा फेरतपासणीसाठी मॉडेल पूर्ण लिहिलेले असावे लागते. आता जीवशास्त्रीय मॉडेले लिहून ठेवण्यासाठी ‘एसबीएमएल’ ही सामाईक संगणकीय भाषा आहे आणि ती जपण्यासाठी ‘बायोमॉडेल्स’ हे खुले भांडार 2005 पासून चालू आहे. तरीही याच भांडाराशी संबंधित अभ्यासकांनी छापून आलेली 455 मॉडेले पुन्हा चालवून पाहिली, तेव्हा निबंधात दिलेल्या माहितीवर जवळपास निम्मी, 49 टक्के, चालली नाहीत. हा अभ्यास 2021 चा. काहींची समीकरणे अपुरी, काहींच्या स्थिरांकांच्या किंवा सुरुवातीच्या किमती गहाळ.

1927 च्या निबंधात तारखा, एकक, सूत्र आणि गृहीतके होती, आणि मृत्यूंचे आकडे दुसऱ्या कोणीतरी आधीच छापून ठेवले होते. म्हणून 85 वर्षांनंतरही त्याचा निष्कर्ष खोडता आला. त्या 49 टक्क्यांपैकी जी मॉडेले डागडुजी करूनही चालली नाहीत, ती बरोबर की चूक, एवढेही ठरवता येत नाही.