पाणी, आग आणि तार: एका जुन्या पेचाचा इतिहास

१/ २२ मार्च १९७५. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुऊर्जा केंद्र. दोन अणुभट्ट्या पूर्ण क्षमतेने चालू होत्या. नियंत्रण कक्षाखालच्या खोलीत केबल भिंतीतून पलीकडे जात. तिथल्या फटी फोमने बुजवण्याचे काम सुरू होते. एखाद्या फटीतून हवा अजून निसटते का, हे पाहण्यासाठी कामगार तिथे पेटती मेणबत्ती धरत. त्या दुपारी हवेच्या झोताने ज्योत आत खेचली गेली आणि फोमने पेट घेतला. #थ्रेड

२/ ती आग सुमारे सात तास धुमसत राहिली. १,६०० हून अधिक केबल तिने निकामी केल्या. त्यांत भट्टी सुरक्षितपणे थंड ठेवणाऱ्या यंत्रणांच्याही केबल होत्या. मदतीला आलेल्या स्थानिक अग्निशमन प्रमुखांनी पाणी मारण्याचा सल्ला दिला होता. परंतु विजेच्या केबलवर पाणी मारल्यास अनर्थ ओढवेल, या भीतीने अधिकारी बराच काळ कचरले. संध्याकाळी अखेर पाणी मारले गेले आणि थोड्याच वेळात आग विझली.

३/ त्या सात तासांत एका जुन्या पेचाचे सार आहे. तारेचे शत्रू दोन: पाणी आणि आग. दोघांपासून तिला वाचवायचे तर तिला वस्त्र हवे. पण पाणी अडवणारे वस्त्र बहुधा आगीला सरपण ठरते आणि आगीला तोंड देणारे वस्त्र पाण्यात तितके टिकत नाही. तारायंत्राच्या तारेपासून आजच्या ऑप्टिकल फायबरपर्यंतचा इतिहास या विसंगतीशी घेतलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

४/ या झुंजीचा एक आरंभबिंदू भारतात सापडतो. १८३९ मध्ये कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी हुगळी नदीच्या पात्राखालून विद्युत संदेश पाठवण्याचे प्रयोग केले. उघड्या तारेतील वीज पाण्यात विरून जाते. म्हणून त्यांनी तारेला चिरलेल्या वेताचे, डांबराचे आणि डांबरात भिजवलेल्या सुतळीचे वेष्टन दिले. हाताशी होते त्यातून घडवलेले हे वस्त्र प्रयोगापुरते पुरेसे होते, महासागरासाठी नव्हते.

५/ महासागरासाठीचे वस्त्र मलाया द्वीपकल्पातील जंगलांतून आले. तिथल्या एका वृक्षाच्या चिकापासून गटापर्चा नावाचा पदार्थ मिळे. मलय लोक त्यापासून कोयत्यांच्या मुठी आणि चाबूक बनवत. तो गरम पाण्यात मऊ होतो, हवा तसा आकार घेतो आणि थंड झाल्यावर कडक होतो. सिंगापूरमधील शल्यचिकित्सक विल्यम माँटगोमेरी यांनी १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले.

६/ १८४८ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी गटापर्चाच्या विद्युतरोधक गुणाकडे लक्ष वेधले. त्याच सुमारास जर्मनीत वेर्नर सीमेन्स यांनी तारेवर गटापर्चाचे अखंड, बिनसांध्याचे आवरण चढवणारे यंत्र तयार केले होते. ‘बिनसांध्याचे’ हा शब्द इथे मोलाचा आहे. सांधा म्हणजे पाण्यासाठी उघडे दार. आवरण कितीही उत्तम असले, तरी सुईच्या अग्राएवढे छिद्रही केबल निकामी करण्यास पुरते.

७/ २८ ऑगस्ट १८५० रोजी ब्रेट बंधूंनी डोव्हर आणि फ्रान्सचा किनारा यांदरम्यान समुद्रतळावर तार टाकली. तांब्याची तार आणि तिच्यावर गटापर्चा, एवढेच तिचे स्वरूप. काही संदेश गेले आणि ती मुकी झाली. एका कोळ्याच्या जाळ्यात ती सापडली आणि त्याने ती तोडली, असे सांगितले जाते. १८५१ च्या केबलभोवती डांबरी तागाचा थर आणि लोखंडी तारांचे चिलखत आले. ती केबल मात्र वर्षानुवर्षे चालली.

८/ पाण्यावर मात झाली, असे वाटू लागले असतानाच गटापर्चाचा दुसरा स्वभाव पुढे आला. त्याला उष्णता सोसवत नसे. १८५८ च्या पहिल्या अटलांटिक केबलचा काही भाग समुद्रात जाण्यापूर्वी उन्हात उघडा पडला होता. उष्णतेने आवरण मऊ पडले, की आतील तांबे मध्यभागावरून सरकते आणि एका बाजूचा थर धोकादायकरीत्या पातळ होतो.

९/ ऑगस्ट १८५८ मध्ये महाराणी व्हिक्टोरिया यांचा संदेश त्याच केबलवरून अमेरिकेला पोहोचला आणि तिथे मोठा उत्सव झाला. परंतु संकेत क्षीण होत चालले होते. विद्युतज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी त्यावर उपाय म्हणून सुमारे २,००० व्होल्टचा दाब वापरला. आधीच दुबळ्या असलेल्या आवरणाला तो झेपला नाही. काही आठवड्यांतच केबल कायमची गप्प झाली.

१०/ त्यापाठोपाठ तांबड्या समुद्रातून भारताकडे येणारी केबलही अयशस्वी ठरली आणि ब्रिटनमध्ये चौकशी समिती नेमली गेली. १८६१ च्या तिच्या अहवालातील हिशेब उद्बोधक आहे. तोवर जगात ११,३६४ मैल समुद्री केबल टाकली गेली होती. त्यांपैकी चालू होती जेमतेम ३,००० मैल. बाकीच्या केबलसह भागधारकांचा आणि सरकारचा पैसाही समुद्रतळाशी गेला होता.

११/ या अपयशांतून एक उलटी वाटणारी रीत रुजली: पाण्यासाठी बनवलेली केबल किनाऱ्यावरही पाण्यातच ठेवायची. हवेत आणि उजेडात गटापर्चा ठिसूळ होतो. समुद्राच्या थंड अंधारात मात्र तो अनेक दशके टिकतो. म्हणून ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजावर केबलसाठी पाण्याने भरलेल्या लोखंडी टाक्या बसवल्या गेल्या. याच जहाजाने १८६६ मध्ये अटलांटिक केबल यशस्वीपणे टाकली.

१२/ हेच जहाज १८७० च्या आरंभी मुंबईच्या बंदरात उभे होते. काळ्या रंगाच्या या जहाजाला या मोहिमेसाठी पांढरा रंग देण्यात आला होता. त्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती. उष्ण कटिबंधातील उन्हाने टाक्यांमधील केबल तापू नये, हा हेतू होता. फेब्रुवारीत ते एडनच्या दिशेने केबल टाकत निघाले. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई तारेने इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नो या किनारी गावाशी जोडली गेली.

१३/ या यशाची किंमत आग्नेय आशियातील जंगलांनी चुकवली. गटापर्चा मिळवण्यासाठी बहुधा झाडावर चिरा पाडल्या जात नसत, तर अख्खे झाडच आडवे केले जाई. केबलचे जाळे वाढत गेले तसतशी मलाया आणि आसपासच्या बेटांवरची ही झाडे झपाट्याने नष्ट झाली. त्यामुळे पर्यायाची गरज विसाव्या शतकात तीव्र झाली.

१४/ तो पर्याय प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे गवसला. १९३३ मध्ये ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांच्या प्रयोगात पॉलिथिलीन तयार झाले. ते पाणी आत झिरपू देत नाही, विद्युतरोधक आहे आणि स्वस्तही. १९५६ ची पहिली अटलांटिक टेलिफोन केबल पॉलिथिलीननेच वेष्टिलेली होती. पाण्याविरुद्धचे युद्ध बहुतांशी जिंकले गेले. पण पॉलिथिलीन हे मेणाच्या कुळातले आहे. ते मेणबत्तीसारखेच जळते.

१५/ समुद्रतळाशी आगीची भीती नव्हती. इमारतींत ती होती. तिथे पीव्हीसीचे आवरण वापरात आले. त्यातील क्लोरीनमुळे ते सहजी पेट घेत नाही. मात्र मोठ्या आगीत सापडले, की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलाव्याशी मिसळून त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. म्हणजे केबल जळाली नाही तरी तिचा धूर माणसांची फुप्फुसे आणि यंत्रांचे धातू पोखरतो.

१६/ २७ फेब्रुवारी १९७५ रोजी, म्हणजे ब्राउन्स फेरीच्या आगीपूर्वी महिनाही झाला नव्हता तेव्हा, न्यूयॉर्कच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरील टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात आग लागली. रस्त्याखालून येणाऱ्या साऱ्या केबल तिथे एकत्र येत. सुमारे १,७०,००० टेलिफोन बंद पडले. सेवा पूर्ववत व्हायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. सुमारे ७०० अग्निशमन जवान त्या विषारी धुरात उतरले. आगीत कोणी दगावले नाही. पण पुढील वर्षांत त्यांच्यापैकी अनेकांना गंभीर आजारांनी गाठले.

१७/ एकाच ऋतूतील या दोन आगींनी एक सत्य उघडे केले. केबल केवळ जळत नाही. ती आग वाहूनही नेते. भिंती, मजले आणि दालने ओलांडणे हे तिचे कामच असते आणि ज्वाळा त्याच वाटेने पुढे सरकतात. म्हणून १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने कडक नियम आणले: सुरक्षा यंत्रणांच्या जोडकेबल एकमेकींपासून दूर ठेवाव्यात किंवा त्यांच्यात अग्निरोधक आडोसा असावा. भिंतीतील प्रत्येक फट बुजवण्यासाठी आगीत टिकणाऱ्या साहित्याचा आग्रह वाढला.

१८/ तोवर तारेची जात बदलू लागली होती. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी शुद्ध काचेच्या तंतूतून प्रकाशाद्वारे संदेश दूरवर पाठवता येतील, असे प्रतिपादन केले. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी तसा तंतू सिद्ध केला. काच गंजत नाही आणि तिच्यातून वीज वाहत नाही. आता पाण्याची भीती संपली, असा समज होणे स्वाभाविक होते.

१९/ तो समज खोटा ठरला. काच घडताना तिच्यात पाण्याचा अंश राहिला, तर तो विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. काचेच्या पृष्ठभागावर अदृश्य सूक्ष्म भेगा असतात. तंतूवर ताण असताना त्यांत पाणी शिरले, की त्या हळूहळू वाढतात आणि एके दिवशी तंतू तुटतो. थंड प्रदेशात केबलमधील पाणी गोठते आणि तंतू दाबले जातात. तांब्याची तार पाण्याने तत्काळ निकामी होई. काच मात्र वर्षांनंतर दगा देते.

२०/ म्हणून फायबरभोवतीच्या नळ्यांत पाणी अडवणारी जेली भरली गेली. पुढे पाणी लागताच फुगणारी पूड आणि फिती आल्या; बाळांच्या डायपरमध्ये असतो त्याच कुळातला हा पदार्थ. केबलला एका ठिकाणी जखम झाली, तर पाणी तिथेच अडले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. त्याची चाचणीही साधी असते: केबलचा तीन मीटरचा तुकडा, त्याच्या एका टोकावर एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब आणि २४ तास. दुसऱ्या टोकातून एकही थेंब बाहेर येता कामा नये.

२१/ १९८८ हे वर्ष या कथेत दोनदा येते. डिसेंबरमध्ये अटलांटिकमधील पहिली फायबर केबल सुरू झाली. त्याच वर्षी ८ मे रोजी, मातृदिनाच्या रविवारी, शिकागोजवळील हिन्सडेल येथील टेलिफोन केंद्राला आग लागली. तिथे पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. ३५,००० हून अधिक ग्राहकांचे फोन बंद झाले, शिकागोच्या विमान वाहतुकीचा खोळंबा झाला आणि आम्लयुक्त धुराने यंत्रसामग्री खराब केली.

२२/ हिन्सडेलचा धडा वेगळा होता. केबलची वहनक्षमता जसजशी वाढते, तसतसा अधिकाधिक संपर्क मोजक्या खोल्यांमधून जाऊ लागतो. अशी एक खोली जळली, की आणीबाणीच्या क्षणी मदत मागण्याचे साधनही तिच्यासोबत जाते. यानंतर अशा केंद्रांची अग्निसुरक्षा आणि संपर्काचे पर्यायी मार्ग या दोहोंकडे नव्याने पाहिले गेले.

२३/ विषारी धुरावरही उतारा सापडला: हॅलोजनविरहित, कमी धूर सोडणारे आवरण. त्यात बहुधा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड मिसळलेली असते. हे खनिज सुमारे २०० अंश सेल्सिअसपुढे विघटित होऊ लागते आणि त्यातून पाण्याची वाफ बाहेर पडते. खनिजाच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भाग अशा प्रकारे पाणी होऊन निघतो आणि आवरणाला थंड ठेवतो. ब्राउन्स फेरीत ज्या पाण्याची धास्ती घेतली गेली, तेच आता आवरणात आधीपासून साठवलेले असते.

२४/ तरीही मूळ पेच सुटलेला नाही. त्याची केवळ वाटणी झाली आहे. जेली आणि पॉलिथिलीन असलेली बाहेरची केबल इमारतीत फार आत नेण्यास मनाई असते. अमेरिकेच्या विद्युत संहितेत ही मर्यादा ५० फुटांची आहे. तिथवर पोहोचले, की फायबर आगीला तोंड देणाऱ्या केबलशी जोडायचे किंवा धातूच्या नळीतून पुढे न्यायचे. तंतूतील प्रकाश अखंड राहतो. वस्त्र मात्र उंबरठ्यावर बदलते.

२५/ १९९७ मध्ये ‘फ्लॅग’ ही फायबर केबल मुंबईला पोहोचली. तिचे इंग्लंडमधील टोक पुन्हा पोर्थकर्नो हेच होते. १८७० च्या केबलमध्ये तांबे आणि गटापर्चा होता. १९९७ च्या केबलमध्ये काच, पोलाद आणि पॉलिथिलीन. मार्ग जवळपास तोच आणि समुद्रही तोच. मधल्या सव्वाशे वर्षांत वस्त्र कसे विणावे, हे ज्यांच्यामुळे कळले, त्यांत शास्त्रज्ञांइतकाच वाटा मुक्या झालेल्या केबलचा, तोडलेल्या जंगलांचा आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यूच्या धुरात उतरलेल्या जवानांचा आहे.

(समाप्त)