खतापासून खेळापर्यंत

राजांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. माशांचे फार थोडे. वस्तुतः एखाद्या समाजानें आपल्या समुद्रांतील माशाशीं कसें वर्तन केलें, हें पाहिलें म्हणजे त्याच्या लोभाचें व विवेकाचें माप बरेंच अचूक काढतां येतें. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील 'स्ट्राइप्ड बास', म्हणजे पट्टेदार बास, या माशाचा इतिहास आम्हांस या दृष्टीनें बोधप्रद वाटतो. रुपेरी अंगावर सात-आठ काळसर रेघा असलेला हा मासा वाढतो समुद्रांत. पण अंडीं घालण्यासाठीं वसंतऋतूंत हडसन नदींत व चेसापीक उपसागरास मिळणाऱ्या नद्यांत चढतो.

सतराव्या शतकांत इंग्रज वसाहतकार तेथें आले, तेव्हां हा मासा इतका विपुल होता कीं शेतांत खत म्हणूनहि तो घालीत. परंतु मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या सभेनें १६३९ सालींच कॉड व बास यांचें खत करण्यास मनाई केली. नुकतीच वस्ती केलेल्या लोकांस हें सुचावें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें १६७० सालीं शेजारच्या प्लिमथ वसाहतीनें केप कॉडवरील बास, मॅकरेल व हेरिंग यांच्या मासेमारीचें उत्पन्न मोफत शाळेसाठीं लावून दिलें.

एकोणिसाव्या शतकांत धनिकांची पाळी आली. १८६४ सालीं न्यूयॉर्कच्या कांहीं श्रीमंतांनीं कटीहंक बेटावर क्लब काढला व खडकांवर लांकडी मचाणें बांधून ते गळ टाकूं लागले. १८७९ व १८८२ सालीं न्यू जर्सींतील नद्यांमधले मिळून सवाचारशें-साडेचारशें मासे आगगाडीनें कॅलिफोर्नियास नेऊन सोडले. १८९९ पर्यंत तेथें वर्षाकाठीं बारा लक्ष पौंड बास निघूं लागला. निसर्गाचें औदार्य असें आहे!

पण औदार्यालाहि सीमा असते. १९७३ नंतरच्या दशकांत बेसुमार मासेमारीमुळें आणि नद्यांत पिल्लें नीट न जगल्यामुळें अटलांटिक किनाऱ्यावरील बास झपाट्यानें घटला. १९८४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें त्याच्या रक्षणाचा कायदा केला. मेरीलंडनें १९८५ पासून पांच वर्षें त्याची मासेमारीच बंद ठेवली. १९९५ सालीं मासा सावरल्याचें जाहीर झालें.

याच काळांत कृत्रिम माशीनें बास पकडण्याचा खेळ बहरला. नांव माशीचें, पण रूप लहान माशाचें: गळाला बांधलेलीं पिसें व केस. ही माशी इतकी हलकी कीं तिला दूर नेतें तें दोरीचें वजन. लेफ्टी क्रे यांनीं चेसापीकसाठीं बांधलेली 'डिसीव्हर' माशी १९९१ सालीं पोस्टाच्या तिकिटावरहि झळकली. आज केप कॉडच्या उथळ पाण्यांत वाटाड्या पाहुण्यास होडींतून नेतो, भरती-ओहोटीचा अंदाज घेतो, वाळूवरून सरकणारी सांवली बोटानें दाखवितो. मासा लागला, छायाचित्र निघालें, कीं बहुधा तो पाण्यांत सोडला जातो.

येथें खरा प्रश्न उभा राहतो. जीवदान दिल्याच्या समाधानांत मनुष्य रमतो. पण सोडलेल्या शंभर माशांपैकीं सुमारें नऊ दगावतात, असें शास्त्रज्ञ धरून चालतात. आणि सोडलेले मासे दरवर्षीं कोटींनीं मोजावे लागतात. २०१९ सालच्या पाहणींत बास पुन्हां प्रमाणाबाहेर घटल्याचें आढळलें. २०१७ सालीं मासेमारीनें मेलेल्या बासांपैकीं जवळजवळ निम्मे हे असे सोडून दिलेलेच होते! म्हणजे ज्यास आपण दया समजतों, तिचाहि हिशेब ठेवावा लागतो.

म्हणून आमच्या मतें आजच्या वाटाड्याची जबाबदारी १६३९ च्या त्या सभेहून कमी नाहीं. गळाचा उलटा कांटा दाबून टाकणें, मासा फार न दमवितां लवकर ओढून घेणें, त्यास पाण्याबाहेर फार वेळ न ठेवणें, पाणी तापलें असतां होडीच न काढणें, हे साधे नियम त्याच्याच हातीं आहेत. कायदा किती इंचांचा मासा घरीं न्यावा एवढें ठरवितो. पहांटेच्या होडींत कायद्याचा शिपाई नसतो, वाटाड्या मात्र असतो.