म्हाताऱ्या चॅम्पियनला हरवलं, त्यात काय?



रात्रपाळी नसली की सोनिवलीत आम्ही चार-पाच जण विहाराच्या ओट्यावर बसतो. मागच्या महिन्यात एकाच्या मोबाईलवर जुनी फाईट लागली होती. २ ऑक्टोबर १९८०, लास वेगास. मुहम्मद अली विरुद्ध लॅरी होम्स. अली तेव्हा ३८ वर्षांचा. हात उठत नव्हते, पाय हलत नव्हते. दहा राउंड त्यानं नुसता मार खाल्ला आणि मग त्याच्याच कोपऱ्यातल्या माणसानं फाईट थांबवली. होम्स एके काळी अलीचा सरावातला जोडीदार. जिंकला आणि रडला.

एक पोरगा म्हणाला, ‘ह्याला काय जिंकणं म्हणायचं? म्हाताऱ्याला कोण पण हरवंल.’ दुसरा जरा वाचणारा. त्यानं काडी टाकली : ‘मग सदतीस साली बाबासाहेबांनी पण म्हाताऱ्या चॅम्पियनलाच हरवलं की. बाळू पालवणकरला. त्याची किंमत किती धरायची?’

ओट्यावर सगळे गप. एक जण तर अंगावरच धावला. मी मधे पडलो. पण घरी आल्यावर झोप येईना. प्रश्न खोटा नव्हता. बाबासाहेबांच्या नावावर प्रश्न आला की हात उगारायचा, ही आपली रीत नव्हे. प्रश्न आला की पुस्तक काढायचं. म्हणून हे लिहितोय.

आधी बाळू कोण ते सांगतो, कारण आपल्यातल्या निम्म्यांना माहीत नाही. पालवणकर बाळू, चांभाराचा पोरगा, जन्म १८७६, धारवाड. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टीची झाडलोट करायला महिना ३ रुपयांवर लागला. मग साहेबांच्या क्लबात गेला. तिथं साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचा. डाव्या हाताचा फिरकीवाला. बॅट त्याच्या हातात कुणी दिली नाही, बॅट मोठ्या लोकांची. पुढं पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबाला हरवायची हौस आली तेव्हा चांभाराचा हात चालला. मैदानात चेंडू शिवायला हरकत नव्हती. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनबाहेर, आणि त्याचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात. लक्षात घ्या, विकेट चालते, कप चालत नाही!

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजाच्या संघातून तो विलायतेला गेला आणि सगळे सामने धरून शंभरावर विकेटी घेऊन आला. परत आल्यावर अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला. त्या सत्काराच्या कामात वीस वर्षांचा भीमराव आंबेडकर होता, असं सांगतात. म्हणजे बघा, ज्याच्याशी पुढं लढायचं होतं त्याच्यासाठीच पोरपणी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि एवढं करून बाळूला हिंदूंच्या संघाचं कप्तानपद? कधीच नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळालं. तोवर बाळूचा हात थकला होता.

आता १९३७. नवीन कायद्याखाली प्रांतिक निवडणूक. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. ते उभे राहिले मुंबईत भायखळा-परळ भागातून, गिरणगावातून. समोर काँग्रेसनं कुणाला आणलं? बाळूला. बाळू साठीचा, बाबासाहेब पंचेचाळिशीचे. निकाल : बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

मग ही होम्सची फाईट झाली का? नाही. आणि का नाही, ते नीट मांडलं पाहिजे.

पहिली गोष्ट. बॉक्सर म्हातारा होतो तेव्हा त्याचा ठोसा म्हातारा होतो. १९८० साली अलीकडं नाव होतं, ठोसा नव्हता, आणि लढाई ठोशाची होती. बाळू म्हातारा झाला तो क्रिकेटमध्ये. मतपेटीत बाळूची फिरकी लागत नव्हती, बाळूचं नाव लागत होतं. आणि ते नाव साठीतही जवान होतं. त्याच्यामागं काँग्रेसचा सगळा बारदाना उभा होता. अकरा हजार मतं काय म्हाताऱ्याला दयेनं पडतात? तेव्हा मताचा हक्क सगळ्यांना नव्हता, आणि त्यातही ही इतकी मतं. बाबासाहेब अटीतटीनं जिंकले. ज्या हत्याराची लढाई होती, त्या हत्यारात बाळू पुरा ताकदवान होता.

दुसरी गोष्ट. म्हाताऱ्याला रिंगणात कुणी ओढलं? इथं अमेरिकेतली अजून एक फाईट सांगतो. ४ जुलै १९१०, रेनो. जॅक जॉन्सन हा हेवीवेटचा पहिला काळा चॅम्पियन. गोऱ्यांना ते बघवेना. त्यांनी जेफ्रीज नावाच्या निवृत्त गोऱ्या चॅम्पियनला त्याच्या मळ्यातून उठवून आणला. पाच-सहा वर्षं त्यानं फाईट खेळली नव्हती. जॉन्सननं पंधराव्या राउंडला त्याला लोळवला. मग गोऱ्यांनी गावोगाव काळ्यांना झोडपलं, जीव घेतले. आणि वर म्हणाले, जेफ्रीज म्हातारा होता हो! अरे, आणला कुणी? आणला तेव्हा तो तुमच्या वंशाची आशा होता, हरल्यावर म्हातारा झाला?

ज्यानं नावासाठी म्हाताऱ्याला पुढं केलं, त्याला हरल्यावर वय सांगायचा हक्क नाही. काँग्रेसनं बाळूला निवडलं ते वय बघून नाही. अस्पृश्याच्या समोर अस्पृश्य, महाराच्या समोर चांभार, आणि तोही सगळ्यांचा लाडका, हे बघून निवडलं. जॉन्सनच्या समोर निदान गोरा उभा केला होता. आपल्याकडं आपल्याच समोर आपलाच उभा केला. डाव त्यांचा, रक्त दोन्हीकडून आपलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. जिंकून काय केलं? १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कौन्सिलात खोती नष्ट करायचं बिल मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले, पुढं बाबासाहेब. मग काँग्रेस सरकारनं कामगारांच्या संपावर बेडी घालणारं बिल आणलं तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला गिरणगाव बंद पडला, स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून. मी गिरणीतला माणूस. माझ्यासाठी त्या २,०२० मतांची किंमत ही. ती मतं नसती तर कौन्सिलात हा आवाज नसता.

आता उलटं बघू, नाहीतर तराजू खोटा पडंल. १९५२ ची लोकसभा. बाबासाहेब साठीचे, अंगानं आजारी. उत्तर मुंबईतून राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर उभे, आणि बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. १९५४ साली भंडाऱ्यात पुन्हा हरले. इथं आपण पटकन म्हणतो, ते आजारी होते, म्हातारे होते. मग बाळूच्या वेळी हे का नाही म्हणत? म्हणूनच सांगतो, वय हे मापच नव्हे. वय लावलं तर आपण आपल्या सोयीनं लावू, ते त्यांच्या सोयीनं लावतील. माप एकच ठेवा : लढाई कशाची होती, डाव कुणाचा होता, आणि जिंकणाऱ्यानं जिंकून कुणासाठी काय केलं. ह्या मापानं १९३७ चा विजय जड भरतो. आणि १९५२ साली पराभव बाबासाहेबांच्या पदरात पडला, तरी चार वर्षांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं त्या हरलेल्या माणसाच्या मागं उभी होती.

आता बाळूचं काय करायचं? तो १९३२ साली पुणे कराराच्या वेळी गांधींच्या बाजूला होता. होता. ते झाकायचं नाही. पण अलीचं जसं सैन्यात जायला नकार दिला म्हणून साडेतीन वर्षं खेळणं बंद केलं, ऐन पंचविशी-अठ्ठाविशीत, तशी बाळूची सगळी उमेद कप्तानपदाशिवाय खाल्ली गेली. चॅम्पियनची ऐन वर्षं व्यवस्था खाते, आणि म्हातारपणी त्यालाच आपल्या अंगावर सोडते. बाबासाहेबांनी १९३७ साली बाळूला हरवलं म्हणून बाळूचा हात लहान होत नाही. आणि बाळू मोठा होता म्हणूनच तो विजय मोठा.

सोनिवलीत येत्या १४ एप्रिलला मी एक मागणी करणार आहे. विहाराच्या वाचनालयात बाळू पालवणकरचा फोटो लागला पाहिजे. काही जण भडकतील, मला माहीत आहे. जातीचं नाव काढून बोलतील. बोलू द्या. चांभारवाड्यातली पोरं आपल्या ओट्यावर का येत नाहीत, हा प्रश्न आपण कधी विचारला का? त्यांचा चॅम्पियन आपल्या भिंतीवर दिसला, तर कदाचित एखादा चप्पल काढून आत येईल. आला की त्याला चहा द्यायचा. आपल्याच कपात.

जय भीम.