कादंबरीचे तीन जन्म

पनवेलहून सुटणाऱ्या हार्बरच्या गाडीत बसायला जागा मिळते आणि पुढचा सव्वा तास वाचनाचा असतो. अलीकडे तो बहुधा पाहण्याचा असतो. काही महिन्यांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी, मराठी घेऊन एम. ए. करणारी, शेजारी बसून फोनवर एक चिनी मालिका पाहत होती. पीचच्या गुलाबी मोहरातून पांढऱ्या वस्त्रांतले दोन अमर जीव चालले होते. एकाला दुसऱ्याची ओळख उरली नव्हती. खारघर येईपर्यंत तिने मला कथानक सांगितले आणि मग विचारले, "सर, हे आपल्याकडे का नाही?"

आपली परंपरा वास्तववादाची आहे, असे काहीतरी ठरावीक उत्तर मी दिले. ते चुकीचे होते, हे गाडीतून उतरल्यावर ध्यानात आले. ज्या वाङ्मयप्रकाराचा ती अभ्यास करते, त्याचे नावच मुळी या जातीच्या एका कथेवरून पडलेले आहे. इंग्रजी 'नॉव्हेल' समोर आल्यावर बंगाली आणि हिंदीने 'उपन्यास' म्हटले, गुजरातीने 'नवलकथा' म्हटले. मराठीने आणि कन्नडने मात्र बाणभट्टाच्या नायिकेचे नाव घेऊन त्याचे सामान्यनाम केले. कादंबरी ही हेमकूटावर राहणारी गंधर्वकन्या. तिच्यावर जडलेले प्रेम आणि त्यासाठी घेतलेले जन्म, हा त्या ग्रंथाचा विषय. आज 'ग्रामीण कादंबरी' किंवा 'दलित कादंबरी' म्हणताना त्या गंधर्वकन्येची आठवण कोणालाच होत नाही, आणि व्हावी असेही नाही. पण नाव राहिले आणि नावाची मालकीण घराबाहेर पडली, हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे.

ती चिनी मालिका 2017 सालची, 58 भागांची. तांगछी या लेखिकेच्या ज्या कादंबरीवर ती बेतलेली आहे, तिच्या नावाचा अर्थ साधारण असा होतो : तीन जन्म, तीन जगे, दहा 'ली' पसरलेला पीचचा मोहर. बाणाकडेही जन्म तीनच आहेत. चंद्र शापाने उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड होतो आणि पुन्हा विदिशेचा राजा शूद्रक होतो. लक्ष्मीचा पुत्र पुंडरीक हा मंत्रिपुत्र वैशंपायन होतो आणि मग पोपट होतो. या पोपटाच्या तोंडूनच कथा सुरू होते, आणि ती ऐकणाऱ्या शूद्रकाला आपण स्वतःचीच कथा ऐकत आहोत हे शेवटापर्यंत कळत नाही. मालिकेत देवलोकातली बाय छियान मानवलोकात स्मृती हरवून सुसू नावाने जगते आणि प्रेम करते. परत आल्यावर विस्मृतीचे औषध पिऊन तेही पुसून टाकते. आणखी एक साम्य तर थक्क करणारे आहे. बाय छियान आपल्या गुरूचे, मो युआनचे, निष्प्राण शरीर आपल्या हृदयाचे रक्त देऊन सत्तर हजार वर्षे न कुजू देता जपते. बाणाच्या कथेत चंद्रापीड मरतो. कादंबरी सहगमनाला सिद्ध होते. आकाशवाणी तिला थांबवते. आणि ती त्या न कोमेजणाऱ्या शरीराची रोज पूजा करीत राहते.

यावरून कोणी कोणाचे उचलले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. मात्र ही दोन जगे एकमेकांना अगदी अनोळखीही नाहीत. बाण ज्या हर्षाच्या दरबारी होता, त्याच हर्षाने ह्युएनत्संगाचा सत्कार केला. पुनर्जन्माची कल्पना बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये रुजली. या मालिकांतल्या अमरांना पुढची पायरी गाठण्यासाठी जे दिव्य पार करावे लागते, त्याला चिनीत 'च्ये' म्हणतात. तो शब्द मुळात आपल्या 'कल्पा'चा बौद्ध अनुवादकांनी केलेला उच्चार. उलट दिशेनेही पाहता येईल. बाणाच्या कथेचे बीज ज्या 'बृहत्कथे'त असल्याचे मानतात, ती गुणाढ्याने सातवाहनांच्या आश्रयाने पैशाची भाषेत रचली, अशी परंपरा आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. गोष्ट पैठणची, नाव कनौजच्या दरबारातून आलेले, आणि आता ती आपल्याला चीनची वाटते!

पण बाणाच्या अद्भुताच्या मुळाशी एक अतिशय ऐहिक प्रश्न आहे. अच्छोद सरोवराच्या काठी चंद्रापीडाला महाश्वेता भेटते. तिचा पुंडरीक मेला आहे, आणि आपण अजून जिवंत आहोत याची तिला लाज वाटते. त्यावर चंद्रापीड जे बोलतो, ते सातव्या शतकातल्या गद्यात सापडावे याचे मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते. मेलेल्याच्या मागे मरणे सर्वथा निष्फळ आहे, अज्ञ जनांचा तो मार्ग आहे, त्याने मृताचे काहीही भले होत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. मदन जळाल्यावर रती जगली, पंडूनंतर पृथा जगली, अभिमन्यूनंतर उत्तरा जगली, हे दाखले देतो. सतीबंदीचा कायदा 1829 सालचा, हे लक्षात घेतले म्हणजे या संवादाचे मोल कळते. पण युक्तिवाद करून बाण थांबू शकत नाही. जगायचे, तर कशाच्या आधारावर? म्हणून शरीर कुजत नाही, म्हणून आकाशवाणी होते, म्हणून मेलेला परत येतो. चितेला दिलेला नकार टिकवून धरण्यासाठी त्या समाजात चमत्काराचीच गरज होती, असे मी तरी या ग्रंथाचे वाचन करतो.

मराठी कादंबरीचा पहिला जन्म बरोबर याच प्रश्नापाशी होतो. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 साली निघाले, विधवाविवाहाचा कायदा झाल्याच्या दुसऱ्या वर्षी. यमुना नवऱ्याबरोबर फिरते आणि ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते. पुढे स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. येथे आकाशवाणी नाही, कायदा आणि धर्मांतर आहे. ज्याला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात, ते पुस्तक बाणाच्या नायिकेचे नाव घेते आणि तिचे शरीर जपण्याचे काम सोडून देते. पदमनजींच्या प्रचारकी सुराला पुष्कळांनी नाके मुरडली आहेत. पण हा बदल त्यांनी केला, आणि तो मोठा आहे.

त्यानंतर लगेच अद्भुताची लाट आली, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांना आवडत नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. 'अद्भुतरम्य' हे विशेषण चिकटवून दोन ओळींत त्यांची बोळवण करायची आणि हरिभाऊंकडे वळायचे, हा आपला वर्गातला शिरस्ता. मीही तो वर्षानुवर्षे पाळला आहे. पण रिसबुडांची प्रस्तावना वाचावी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आपली लग्ने ज्या रीतीने होतात ती पाहता, आपल्या संसारात रंजक वाटावे असे ना सद्गुण आढळतात ना दुर्गुण. रोजचे अनुभव लिहिले तर त्यात वाचकाला गुंतवणारे काही उरणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय घेण्यावाचून गत्यंतर नाही. या प्रस्तावनेत पळपुटेपणा पाहण्याची रीत आहे. मला ती एका लेखकाची कबुली वाटते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न वडीलधारी माणसे ठरवीत होती, तेव्हा स्वतःच्या इच्छेने प्रेम करणारी स्त्री वाड्यात कोठून आणायची? निवड हा शब्द उच्चारायला गंधर्वलोकच लागतो. रिसबुडांना वास्तव ठाऊक नव्हते असे नाही. त्यात कशाला जागा नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'पण लक्षांत कोण घेतो?' सुरू केली आणि रिसबुडांचे म्हणणे खोटे पाडले. रोजच्या अनुभवातूनच त्यांनी असे पुस्तक उभे केले की ते हातातून सुटत नाही. त्यांची नायिकाही यमुनाच. या यमूचा नवरा मरतो आणि परत येत नाही. तिचे केशवपन होते. वास्तववादाचा विजय म्हणून आपण ही कादंबरी शिकवतो, आणि ते योग्यच आहे. तरीही मला त्यात एक तोटा दिसतो. कादंबरीला जे म्हणता आले, की मी थांबते, मला थांबायचे आहे, ते यमूला म्हणता येत नाही. तिचे थांबणे तिचे राहिलेले नाही. ते तिच्यावर लादलेले आहे. आमच्या पनवेलच्या जुन्या घरात आलवण नेसणाऱ्या एक आत्याबाई असत, असे वडील सांगत. त्या दुपारी ओसरीवर पोथी वाचायच्या, आणि तीही उषा-अनिरुद्धाचे आख्यान पुन्हा पुन्हा. घरातल्यांना त्याचे हसू येई. त्या काय वाचत होत्या, हे मला आता कुठे थोडेफार समजू लागले आहे.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या भेटीत बाणाचा शेवट सांगितला, म्हणजे त्याच्या मुलाने पुरा केलेला शेवट. बाण ग्रंथ अर्धा ठेवूनच गेला. चंद्रापीड उठतो, पुंडरीक येतो, लग्ने होतात. आणि त्या आनंदात कादंबरी विचारते की, आपण सगळे मेलो आणि पुन्हा भेटलो, पण बिचारी पत्रलेखा कोठे दिसत नाही. पत्रलेखा ही चंद्रापीडाची तांबूलवाहिनी, सतत त्याच्या सावलीसारखी वावरणारी. रवींद्रनाथांनी काव्यातल्या उपेक्षितांवर जो निबंध लिहिला, त्यात तिलाही स्थान दिले आहे. चंद्रापीड उत्तर देतो : ती रोहिणी होती. मला शाप झाल्याचे कळल्यावर माझी काळजी घ्यायला, मी अडवीत असतानाही, ती आधीच मर्त्यलोकात उतरली होती.

"म्हणजे बायको?" विद्यार्थिनी म्हणाली. "आणि हे कादंबरीला आत्ता कळतंय?"

बेलापूर आले होते. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि ग्रंथाचे मराठी भाषांतर कोठे मिळेल ते विचारले.